एअरफोर्सचे पायलट एअरलाइन्समध्ये जातात खरे, पण नेमकं कधी जायचं हे कसं ठरतं?

७ ऑगस्ट २०२० ची संध्याकाळ. कोरोनामुळे परदेशात अडकलेल्या भारतीयांना घेऊन दुबईहून निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान केरळमधल्या कोझिकोडला उतरताना धावपट्टीच्या पुढे गेलं आणि खाली कोसळलं. या अपघातात २१ जणांचा मृत्यू झाला. त्यात विमानाचे दोन्ही वैमानिक होते.

विमानाचे कॅप्टन होते दीपक साठे. दुसऱ्या दिवशी त्यांची माहिती बाहेर आली आणि अनेकांना पहिल्यांदाच कळलं की हा माणूस आधी भारतीय हवाई दलात विंग कमांडर होता. खडकवासल्याची एनडीए, हवाई दल अकादमीत 'सोर्ड ऑफ ऑनर', मग मिग-२१ आणि पुढे टेस्ट पायलट, अशी ती कारकीर्द. १९८१ मध्ये ते हवाई दलात अधिकारी झाले आणि २००३ मध्ये बाहेर पडले. म्हणजे सेवा झाली २२ वर्षांची.

हा २२ चा आकडा योगायोगाचा वाटेल. पण हवाई दलातून एअरलाइन्सकडे गेलेल्या वैमानिकांच्या कारकिर्दी पाहिल्या तर बरेच जण २० वर्षं पूर्ण झाल्यावर, थोड्याफार फरकानं, बाहेर पडलेले दिसतात. असं का होतं?

राजीनामा दिला आणि निघालो, असं चालत नाही

खासगी कंपनीत राजीनामा द्यायचा, नोटीस पिरियड भरायचा आणि निघायचं. हवाई दलात तसं नसतं. अधिकाऱ्याला वेळेआधी बाहेर पडायचं असेल तर अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर करायचा की नाही हे वरून ठरतं.

यामागचं कारणही समजण्यासारखं आहे. एक लढाऊ वैमानिक तयार करायला कोट्यवधी रुपये आणि कित्येक वर्षं लागतात. तो सगळं शिकून तयार झाला, की नेमका त्याच वेळी बाहेरच्या कंपन्यांनाही हवा असतो.

२०१९ मध्ये हवाई दलातल्या एका एअरमनचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. परवानगी न घेता त्यानं बाहेरच्या नोकरीसाठी अर्ज केला होता. हवाई दलात भरती झालेल्या व्यक्तीला मनात येईल तेव्हा सेवा सोडण्याचा बिनशर्त हक्क नाही, असं कोर्टानं तेव्हा स्पष्ट केलं. तो एअरमन वैमानिक नव्हता, पण तत्त्व सगळ्यांना लागू पडतं.

त्यामुळे 'कधी सोडायचं' याच्याआधी 'कधी सोडू देतील' हा प्रश्न येतो. प्रमोशन हुकलेल्या अधिकाऱ्याचा अर्ज मंजूर होण्याची शक्यता जास्त असते. ज्याची पुढची वाट मोकळी आहे आणि ज्याची स्क्वाड्रनला गरज आहे, त्याला सोडायला हवाई दल सहजासहजी तयार होत नाही.

पहिली रेष : २० वर्षं

परमनंट कमिशन असलेल्या अधिकाऱ्याला पेन्शन मिळण्यासाठी साधारणपणे २० वर्षांची सेवा लागते. १९ वर्षांनी बाहेर पडलं तर ग्रॅच्युइटीसारखे एकरकमी पैसे मिळतात, पण दर महिन्याची पेन्शन मिळत नाही. २० वर्षं झाली की शेवटच्या पगाराच्या ५० टक्के पेन्शन आयुष्यभर, त्यावर महागाई भत्ता, शिवाय माजी सैनिकांसाठीची ईसीएचएस ही आरोग्य योजना.

सातव्या वेतन आयोगानुसार विंग कमांडरचा मूळ पगार १,२१,२०० रुपयांपासून सुरू होतो आणि त्यात १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे मिळवला जातो. समजा बाहेर पडताना हे दोन्ही मिळून १,८०,००० रुपये होत असतील, तर पेन्शन झाली महिना ९०,००० रुपये आणि वर महागाई भत्ता. माणूस ४२ वर्षांचा असेल तर ही रक्कम पुढची तीस-चाळीस वर्षं येत राहते. म्हणून १७-१८ वर्षं झालेला वैमानिक बाहेर कितीही चांगली ऑफर असली तरी सहसा थांबतो.

यात एक मेख आहे. सरकारनं ७ नोव्हेंबर २०१५ च्या आदेशानं 'वन रँक वन पेन्शन' आणली, तेव्हा यापुढे स्वतःच्या इच्छेनं वेळेआधी बाहेर पडणाऱ्यांना या योजनेचा लाभ मिळणार नाही असंही म्हटलं. म्हणजे २० वर्षांनी अर्ज करून निघालेल्याला पेन्शन मिळते, पण ठरावीक काळानं त्याच हुद्द्याच्या इतरांची पेन्शन नव्यानं ठरते त्या वाढीत तो नसतो. पन्नाशीनंतर निवृत्त झालेल्या सहकाऱ्याच्या आणि त्याच्या पेन्शनमधला फरक त्यामुळे वाढत जाऊ शकतो.

१४ वर्षांवाल्यांचं गणित वेगळं

सगळेच वैमानिक परमनंट कमिशनवर नसतात. शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर आलेल्या वैमानिकांची सेवा १४ वर्षांची असते. त्यांना पेन्शन नाही.

पदवीनंतर बावीस-चोविसाव्या वर्षी आत आलेला हा अधिकारी ३६ ते ३९ या वयात बाहेर पडतो. मुलं शाळेत, घराचे हप्ते चालू आणि पेन्शन शून्य. त्याला 'जावं का' हा प्रश्न नसतोच. 'तयारी कधी सुरू करायची' एवढाच असतो, आणि शेवटच्या वर्षापर्यंत थांबणं महागात पडतं. त्याच्या जमेची बाजू एकच, पण मोठी : एअरलाइनला देण्यासाठी त्याच्याकडे २६ ते २९ वर्षं उरलेली असतात.

दुसरी रेष : वय वर्षं ६५

प्रवासी विमानाच्या वैमानिकाला जगभरात साधारण ६५ व्या वर्षापर्यंतच उडवता येतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं २००६ मध्ये ही मर्यादा ६० वरून ६५ वर नेली आणि भारतातही तीच पाळली जाते.

आता दोन्ही रेषा एकत्र ठेवून बघा. एनडीएतून आलेला मुलगा साधारण बाविसाव्या वर्षी फ्लाइंग ऑफिसर होतो. २० वर्षं धरली की वय ४२, आणि एअरलाइनसाठी २३ वर्षं हातात. तोच माणूस पूर्ण सेवा करून ५४ व्या वर्षी बाहेर पडला तर उरतात ११ वर्षं. त्यातलं पहिलं वर्ष परीक्षा, लायसन्स आणि ट्रेनिंगमध्ये जातं. पुढची काही वर्षं को-पायलट म्हणून. कॅप्टनच्या खुर्चीत बसेपर्यंत साठी दिसायला लागते. कंपनीही हाच हिशोब करते, कारण एका वैमानिकाच्या ट्रेनिंगवर केलेला खर्च तिला वसूल करायचा असतो.

म्हणून ४० ते ४५ हा काळ कळीचा ठरतो. पेन्शन हातात आलेली असते आणि पुढची कारकीर्दही उभी करता येते.

कारण फक्त पैसाच असतं का?

सोशल मीडियावर हा विषय निघाला की दोन गट पडतात. एक म्हणतो, 'देशसेवा सोडून पैशामागे पळाले'. दुसरा म्हणतो, 'त्यांनाही संसार आहे'. पण तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. ती म्हणजे उडणं.

हवाई दलात हुद्दा वाढतो तसं उडणं कमी होत जातं. विंग कमांडर हे पद १३ वर्षांच्या सेवेनंतर ठरलेल्या निकषांवर मिळतं. त्यापुढचं ग्रुप कॅप्टनचं पद मात्र निवडीनं मिळतं आणि तिथे जागा कमी असतात. ज्यांची निवड होते त्यांच्या वाट्याला स्टेशन, मुख्यालय, फायली आणि बैठका जास्त येतात. ज्यांची होत नाही, त्यांना पुढची दहा-बारा वर्षं आपल्याच ज्युनिअरच्या हाताखाली काढावी लागू शकतात.

एअरलाइनमध्ये याच्या उलट असतं. कॅप्टन निवृत्तीच्या दिवसापर्यंत विमान उडवू शकतो. त्यामुळे प्रमोशन बोर्डाचा निकाल आणि २० वर्षांची रेष जवळजवळ आली, की अनेकांचा निर्णय तिथेच होतो.

दुसरं कारण घर. दर दोन-तीन वर्षांनी बदली. आज आसाम, उद्या राजस्थान, मग पुणे. मुलगी दहावीला आली की कुटुंब एका गावात आणि अधिकारी दुसऱ्या. जोडीदाराची नोकरी तर अनेकदा सुरूच होऊ शकत नाही. एअरलाइनमध्येही रात्री बाहेर काढाव्या लागतात, सण-वार विमानात जातात, पण राहतं घर सहसा एकाच शहरात असतं.

विंग कमांडर पुन्हा विद्यार्थी होतो

लढाऊ विमान उडवणाऱ्याला प्रवासी विमान म्हणजे डाव्या हाताचा खेळ, असा एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात हवाई दलाचा अनुभव असला तरी डीजीसीएचं नागरी लायसन्स वेगळं काढावं लागतं. नागरी हवाई नियमांचे पेपर, रेडिओचं लायसन्स आणि क्लास वन मेडिकल यातून जावं लागतं. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल लायसन्सला किमान १,५०० तासांचं उड्डाण लागतं. त्यानंतर एअरबस ए-३२० किंवा बोईंग ७३७ अशा एका विमानाचं टाइप रेटिंग, ज्याचा खर्च काही लाखांत जातो.

आत काय उडवलं यावरही बरंच अवलंबून असतं. मालवाहू विमानांच्या वैमानिकाला मोठं विमान, दोघांचं कॉकपिट, लांबचा प्रवास हे सगळं सवयीचं असतं आणि तासही भरपूर जमलेले असतात. लढाऊ विमानाची एक फेरी तासाभराची, त्यामुळे वर्षं जास्त पण तास कमी. शिवाय त्याला एकट्यानं निर्णय घ्यायची सवय असते, तर इथे प्रत्येक गोष्ट शेजारच्या वैमानिकाशी बोलून, चेकलिस्ट वाचून करायची. हेलिकॉप्टरवाल्यांचं अजून अवघड, कारण तिथले तास विमानाच्या लायसन्ससाठी जसेच्या तसे धरले जात नाहीत. त्यातले बरेच जण नागरी हेलिकॉप्टर सेवेकडेच वळतात. मुंबईच्या जुहूवरून समुद्रातल्या तेलविहिरींवर कर्मचाऱ्यांची ने-आण करणारी हेलिकॉप्टर हे त्याचं एक उदाहरण.

आणि सगळं जमलं तरी सुरुवात सहसा उजव्या बाजूच्या खुर्चीतून, म्हणजे को-पायलट म्हणून होते. काल ज्याला शेकडो माणसं सॅल्यूट करत होती, तो आज आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्या कॅप्टनच्या सूचना ऐकतो. हे ज्यांना पटत नाही, त्यांच्यासाठी ऑफर कितीही मोठी असली तरी निर्णय चुकू शकतो.

बाजार नेहमी तेजीत नसतो

फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली. जूनमध्ये इंडिगोनं ५०० विमानांची. एवढी विमानं येणार म्हणजे वैमानिक लागणारच, असं वातावरण झालं.

पण ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर जमिनीवर आली, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. मधल्या काळात कोरोना आला आणि जगभरात वैमानिकांचे पगार कापले गेले, अनेकांना बिनपगारी घरी बसावं लागलं. ज्यांनी पेन्शनची रेष ओलांडल्यावर उडी मारली होती, त्यांच्या घरात महिन्याला काहीतरी येत होतं. ज्यांनी आधी मारली होती, त्यांना तो आधार नव्हता. हवाई दलाचा दरवाजा मात्र एकदा बाहेर पडलं की सहसा परत उघडत नाही.

हवाई दलाचं काय?

कॅगच्या अहवालानुसार फेब्रुवारी २०१५ मध्ये हवाई दलात ४८६ वैमानिक कमी होते. २०२१ च्या अखेरीस हा आकडा ५९६ वर गेला. नवे वैमानिक ठरल्याइतके आत न येणं हे याचं मोठं कारण होतं. पण आधीच माणसं कमी असताना अनुभवी वैमानिक गेला, की नव्यांना शिकवणाराही जातो.

अमेरिकेलाही हीच डोकेदुखी आहे. तिथे ट्रेनिंगनंतर १० वर्षं सेवेचं बंधन असतं. पेन्शन २० वर्षांनी आणि एअरलाइनची मर्यादा ६५ च. त्यात तिथल्या मोठ्या एअरलाइन्समध्ये पगार, मार्ग, सुट्ट्या आणि कॅप्टनपद सगळं सीनिऑरिटी नंबरवर ठरतं. एक वर्ष उशिरा गेलं की शेकडो जण कायमचे पुढे जातात. त्यामुळे १० वर्षांनी निघायचं की पेन्शनसाठी २० पर्यंत थांबायचं, हा तिथला खरा पेच. वैमानिकांनी थांबावं म्हणून अमेरिकी हवाई दल पुढच्या करारावर वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत बोनस देतं. शिवाय नॅशनल गार्ड किंवा रिझर्व्हमध्ये अर्धवेळ लष्करी उड्डाण आणि बाकीचा वेळ एअरलाइन, अशीही सोय आहे.

भारतात आज तशी सोय नाही. इथे हवाई दलातल्या वैमानिकाला दर महिन्याला फ्लाइंग अलाउन्स मिळतो, आणि निर्णय मात्र एकच : आत किंवा बाहेर. म्हणून बरेच जण सोळाव्या-सतराव्या वर्षापासूनच हिशोब मांडू लागतात. डीजीसीएचे पेपर, प्रमोशन बोर्डाची तारीख, मुलांची दहावी-बारावी, मेडिकल फिटनेस आणि बाजारातली भरती. हे सगळं एका वेळी जुळणं अवघडच. जेवढं जुळेल तेवढं जुळवायचं, २० वर्षं भरू द्यायची आणि अर्ज टाकायचा. मंजूर झाला, तर पुढचं ट्रेनिंग पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू होतं.