अट संपली, सवलत राहिली

१९७३. लास व्हेगासमध्ये एमजीएम ग्रँड हॉटेल उभं राहतंय. २६ मजले, दोन हजारांवर खोल्या, खर्च सुमारे १० कोटी ६० लाख डॉलर. काही भागांत स्प्रिंकलर बसतात; कॅसिनो आणि शेजारचं ‘डेली’ हे रेस्टॉरंट वगळलं जातं. तिथे ते बसवायला १ लाख ९२ हजार डॉलर लागले असते. डेली चोवीस तास उघडं असणार, आग लागलीच तर कुणाच्या तरी लगेच लक्षात येईल, हा युक्तिवाद मंजूर होतो.

पुढे डेलीच्या वेळा बदलल्या आणि ते रात्री बंद राहू लागलं. सवलत ज्या अटीवर मिळाली होती, ती अटच उरली नाही. पण फाइल पुन्हा कुणी उघडली नाही. याच हॉटेलात १९८० साली लागलेल्या आगीचं घड्याळ मी इथूनच सुरू करतो.

२१ नोव्हेंबर १९८०, शुक्रवारची पहाट. डेलीत पेस्ट्रीचं थंड शोकेस आहे. त्याच्या कॉम्प्रेसरच्या थरथरीने तांब्याची नळी वायरींच्या धातूच्या आवरणावर घासत आली आहे. वायरींचं इन्शुलेशन झिजलंय, अर्थिंग नीट नाही. भिंतीच्या आत काहीतरी धुमसतंय आणि ते बघायला रेस्टॉरंटमध्ये माणूस नाही.

सकाळी ७ नंतर काही मिनिटं. फरशीकाम करणारा एक कर्मचारी डेलीत शिरतो. भिंतीवर उजेडाची लवलव दिसते. ती आग आहे हे कळताच तो सुरक्षारक्षकांना कळवायला धावतो.

७.१७. अग्निशमन दलाकडे फोन जातो. ठाणं हॉटेलच्या अगदी जवळ, त्यामुळे पहिला बंब एक-दोन मिनिटांत दारात येतो. याहून लवकर मदत पोचणं शक्यच नव्हतं. तरीही जवान कॅसिनोत शिरतात तोच काळा धूर आणि ज्वाळा अंगावर येतात, त्यांना मागे फिरावं लागतं. भिंतीवरचा कागद, गोंद, प्लास्टिकचे आरसे, पीव्हीसीचे पाइप या सगळ्यांवरून आग सेकंदाला १५ ते १९ फूट धावते. दिसल्यापासून सुमारे सहा मिनिटांत ती संपूर्ण कॅसिनो व्यापून मुख्य प्रवेशद्वारातून बाहेर फुटते. ज्या भागांत स्प्रिंकलर होते, तिथे मात्र ती अडली.

७.२० च्या पुढे. हॉटेलात सुमारे पाच हजार माणसं, बरीचशी झोपेत. वरच्या मजल्यांवर धोक्याची घंटा वाजतच नाही. ज्वाळा खालीच राहतात. वर जातो तो धूर. लिफ्टचे शाफ्ट, जिने, भूकंपासाठी इमारतीत सोडलेल्या फटी, वातानुकूलनाच्या वाहिन्या, सगळीकडून. लोक जागे होतात ते वासाने, आरडाओरड्याने. जिन्यात उतरलेल्यांच्या मागे दार लागतं आणि ते आतून उघडत नाही. खाली धूर, वर धूर, मजल्यावर परतायची सोय नाही. कुणी हवेसाठी खिडकीची काच फोडतं, तर बाहेरून चढणारा धूरच आत येतो.

याच टप्प्यावर मला सर्वांत जास्त चीड येते. दार आतून न उघडणं हा सुरक्षेचाच भाग मानला गेला होता, पण चोरापासूनच्या. त्याच दाराशी जीव मुठीत धरून माणसं उभी राहतील, हा विचार नकाशा मांडताना व्हायला हवा होता.

पुढचे काही तास. नेलिस हवाई तळावरची लष्करी हेलिकॉप्टरही मदतीला येतात, गच्चीवरून शेकडो लोकांना उचलतात. कॅसिनोतली आग आटोक्यात आल्यावरही वरचे मजले, खोल्या, जिने तपासणं चालूच राहतं. हॉटेल रिकामं व्हायला सुमारे चार तास लागतात.

मृत ८५, जखमी साडेसहाशेच्या आसपास. मृतांपैकी बहुतेक जण वरच्या मजल्यांवर सापडले, जिथे ज्वाळा कधी पोचल्याच नव्हत्या. ते धुराने आणि कार्बन मोनॉक्साइडने गेले.

१० फेब्रुवारी १९८१. तीन महिनेही झाले नाहीत, त्याच शहरात हिल्टन हॉटेल पेटतं, आणखी आठ जण मरतात. त्याच वर्षी नेवाडा राज्य कायदा करतं: जुन्या उंच हॉटेलांनाही स्प्रिंकलर बसवावेच लागतील. जुलैमध्ये एमजीएम ग्रँड पुन्हा उघडलं, तेव्हा स्प्रिंकलर कॅसिनोतही होते.