इंटरनेट

इंटरनेट : भिन्न मालकीची, भिन्न रचनेची आणि देशोदेशी विखुरलेली संगणकजाळी समान संकेतनियमांनी जोडून सिद्ध झालेले जागतिक महाजाल. यास मध्यवर्ती कचेरी नाही आणि एक धनीही नाही. प्रत्येक जाळे आपापल्या हद्दीत मुखत्यार असून, दुसऱ्या जाळ्याकडून आलेला मजकूर पुढे पोहोचता करण्याचे बंधन त्याने स्वखुशीने पत्करलेले असते. म्हणूनच याचा इतिहास हा यंत्रांच्या शोधांचा जितका आहे, त्याहून अधिक करारमदारांचा आहे.

अणुयुद्धातही टिकाव धरील असे दळणवळण अमेरिकी लष्करास हवे होते व त्यातून इंटरनेट जन्मले, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो अर्धाच खरा होय. रँड या संस्थेतील पॉल बॅरन याने तशा संकटाचा विचार करून १९६४ साली विकेंद्रित जाळ्याची योजना मांडली होती, हे खरे. परंतु अमेरिकेची दूरध्वनी कंपनी एटी अँड टी हिने ती व्यवहार्य मानली नाही आणि योजना दप्तरी पडून राहिली. इंग्लंडात टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत डोनाल्ड डेव्हिस हा बॅरनच्या कार्याची वार्ता नसताना त्याच निष्कर्षास पोहोचला, व मजकुराच्या लहान तुकड्यांस ‘पॅकेट’ हे नाव त्यानेच दिले. दूरध्वनीच्या पद्धतीत दोन टोकांमध्ये सबंध तार संभाषण संपेपर्यंत अडकून राहते. पॅकेटांच्या पद्धतीत मात्र डाकचौकीवरील हरकाऱ्याप्रमाणे प्रत्येक ठाणे आलेला तुकडा वरचा पत्ता पाहून पुढील ठाण्याच्या हवाली करते, आणि तीच तार अनेकांच्या कामी येते.

प्रत्यक्ष जाळे ज्याच्या आग्रहाने उभे राहिले त्या रॉबर्ट टेलर याची अडचण फारच ऐहिक होती. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संशोधन संस्थेत, पेंटॅगॉनमधील त्याच्या दालनाशेजारी, तीन दूरस्थ संगणकांसाठी तीन निरनिराळी टंकयंत्रे बसविलेली असून एकावरील मनुष्यास दुसऱ्यावरील मनुष्याशी बोलता येत नसे. शिवाय प्रत्येक विद्यापीठ स्वतंत्र महागड्या संगणकासाठी सरकारी तिजोरीकडे हात पसरीत होते, तो खर्च निराळाच. १९६६ साली त्याने संस्थेच्या संचालकाकडून दहा लक्ष डॉलरांची तजवीज करून घेतली. लॅरी रॉबर्ट्‌सने आखणी केली आणि ठाण्यांवरील पॅकेटे हाताळणारी यंत्रे बनविण्याचा मक्ता मॅसॅच्युसेट्‌समधील ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ या कंपनीस मिळाला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री लॉस अँजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकात प्रवेश मिळविण्यासाठी ‘लॉगिन’ हा शब्द टंकण्यास आरंभ झाला. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि तिकडील संगणक बंद पडला. त्याच वर्षअखेर सँटा बार्बरा व युटा ही विद्यापीठे धरून ‘आर्पानेट’ची चार ठाणी झाली. ज्या संगणकांच्या सामायिक वापरासाठी एवढा खटाटोप केला त्यांपेक्षा माणसांनी माणसांस पत्रे लिहिण्यासाठीच या जाळ्याचा उपयोग अधिक केला, आणि १९७१ मध्ये रे टॉमलिन्सनने नाव व यंत्र यांच्या मध्ये योजिलेले ‘@’ हे चिन्ह आज व्यापारी हिशेबातून उठून जगाच्या पत्त्यांत जाऊन बसले आहे.

आर्पानेटचे नियम ठरविण्याचे काम प्रामुख्याने पदवीधर विद्यार्थ्यांवर येऊन पडले होते. आपण कोणावर हुकूम गाजवीत आहोत असे वाटू नये, या संकोचाने स्टीव्ह क्रॉकर याने ७ एप्रिल १९६९ च्या पहिल्या टिपणास मते मागविणाऱ्या विनंतीचे रूप दिले. तीच ‘आरएफसी’ टिपणांची मालिका पुढे इंटरनेटची खुली स्मृतिसंहिता झाली. उपग्रहाचे, रेडिओचे आणि तारांचे जाळे परस्परांस कसे जोडावे, या प्रश्नाचे उत्तर व्हिंट सर्फ व रॉबर्ट कान यांनी मे १९७४ मधील निबंधात दिले, त्यावर फ्रान्समधील लुई पूझाँच्या ‘सिक्लाद’ जाळ्याची छाया होती. त्यातूनच पुढे टीसीपी/आयपी नियमावली आकारास आली. कोणत्याही जाळ्याने आपली अंतर्गत रचना बदलू नये, जाळ्यांमधील दुव्यांनी पॅकेटे केवळ पुढे पाठवावीत, आणि हरवलेली पॅकेटे पुन्हा मागविण्याची जबाबदारी दोन टोकांच्या संगणकांनी उचलावी, हा तिचा आशय होय. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटवरील जुना अंमल संपून हा नवा सुरू झाला. त्यापूर्वी चालढकल करणाऱ्यांस इशारा म्हणून १९८२ मध्ये जुनी पद्धत काही काळ मुद्दाम बंद ठेवावी लागली होती, आणि स्थित्यंतरातून निभावलेल्यांनी ‘आम्ही वाचलो’ अशा आशयाचे बिल्ले वाटून आपले समाधान करून घेतले. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची ‘ओएसआय’ ही प्रतिस्पर्धी संहिता अधिक रेखीव होती, खुद्द अमेरिकी सरकारने तिचा पुरस्कार केला होता. पण ती समित्यांत घोटाळत राहिली, तोवर टीसीपी/आयपी हजारो यंत्रांवर चालू झालेली होती.

या विकेंद्रित बांधणीत एक स्थान मात्र अपरिहार्यपणे मध्यवर्ती राहिले, ते म्हणजे नावांचे दप्तर. आरंभी सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच यादीत असत आणि ती यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर हिच्या देखरेखीखाली राखली जाई. तिची प्रत प्रत्येक ठाणे वेळोवेळी उतरवून घेई. संगणक वाढले तसा हा रिवाज अशक्य झाला, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिसने क्षेत्रनामांची श्रेणीबद्ध व्यवस्था रचली, जीत प्रत्येक शाखा आपल्या खालच्या नावांपुरती जबाबदार असते. मूळ शाखेचा कारभार दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉन पोस्टेल दीर्घकाळ जवळजवळ एकहाती, निव्वळ विश्वासावर पाहत असे. जानेवारी १९९८ मध्ये त्याने मूळ सर्व्हर चालविणाऱ्यांपैकी आठ जणांस, यापुढे अधिकृत नोंदवही आपल्या यंत्रावरून घ्यावी, असे ई-पत्राने कळविले, आणि त्यांनी ते निमूटपणे मानले. सरकारी कानउघाडणीनंतर ती केवळ चाचणी होती असे सांगून त्याने पूर्वस्थिती आणली. कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्षातील मान्यता यांतील अंतर इतके उघडपणे क्वचितच दिसते. त्याच वर्षी हा कारभार सांभाळण्यासाठी ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली, ऑक्टोबरात पोस्टेल वारला, आणि अमेरिकी सरकारची यावरील करारान्वये चालणारी देखरेख २०१६ साली संपली.

आर्पानेट १९९० मध्ये बंद झाले. त्याची जागा घेतलेले नॅशनल सायन्स फाउंडेशनचे शैक्षणिक जाळेही ३० एप्रिल १९९५ रोजी विसर्जित होऊन मुख्य वाहिन्या खाजगी कंपन्यांकडे गेल्या. मधल्या काळात जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली याने १९८९ च्या मसुद्यातून वर्ल्ड वाइड वेब निर्माण केले. त्याच्या प्रसारास त्याच्या गुणांइतकाच एक दानपत्रवजा दस्तऐवज कारण झाला : ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने या आज्ञावलीवरील हक्क सोडून दिले, आणि त्याच सुमारास मिनेसोटा विद्यापीठाने आपल्या ‘गोफर’ या प्रतिस्पर्धी व्यवस्थेच्या सर्व्हरवर शुल्क आकारण्याचे योजून लोकांस आपण होऊन वेबकडे लोटले.

भारतात या विद्येचा शिरकाव प्रथम शिक्षणसंस्थांतून झाला. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये आरंभिलेल्या ‘अर्नेट’ योजनेत पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र या संस्था होत्या. या केंद्राचे प्रमुख श्रीनिवासन रमणी होते, देशाचे ‘.इन’ हे क्षेत्रनाम १९८९ मध्ये त्याच केंद्राकडे सोपविण्यात आले. सामान्य जनतेस दरवाजा उघडला तो विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी. सेकंदास ९.६ किलोबिट वेगाच्या व्यक्तिगत खात्यास २५० तासांचे ५,००० रुपये पडत. चित्रे नसलेले, केवळ अक्षरांचे खाते त्याहून स्वस्त मिळे. १९९८ अखेर खाजगी सेवादात्यांस परवाने मिळून निगमाची मक्तेदारी सरली. परदेशाशी होणारी देवघेव मात्र मुख्यतः समुद्रतळाच्या तारांवरच अवलंबून आहे, आणि एडनमार्गे आलेली तारायंत्राची केबल १८७० साली ज्या मुंबईच्या किनाऱ्यास लागली, त्याच मुंबईत वर्सोव्याच्या परिसरात अर्वाचीन प्रकाशतंतूंच्या अनेक केबली उतरतात.

मराठीपुरता प्रश्न निराळाच होता. वेब आले तेव्हा देवनागरी टंकांचे प्रत्येक निर्मात्याचे अंतर्गत संकेत भिन्न असत, त्यामुळे एका वृत्तपत्राचा मजकूर त्याचाच टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसे. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक निघूनही टंकनिर्मात्यांची ही वतनदारी मोडली नाही. ती मोडली ‘युनिकोड’ या अनेक लिप्यांच्या सामायिक संकेतसंचाने. त्यातही मराठीच्या खास गरजा टप्प्याटप्प्याने भागल्या : ‘दऱ्या’ शब्दातील रफाराहून वेगळा र लिहिण्याचा संकेत स्वतंत्रपणे योजावा लागला, आणि ‘ॲ’ हे अक्षर २००८ सालच्या आवृत्तीत दाखल झाले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम मराठी व कोकणीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी खुले झाले. बहुतेक मराठी वृत्तपत्रांचे पत्ते मात्र अद्याप रोमन लिपीतच आहेत.