सायन्स की कॉमर्स? काकांचा प्रश्न आणि १८८२ सालचा आयोग

दहावीचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी काकांचा फोन आला. "अगं, तू शिक्षणाचाच इतिहास करतेस ना? मग सांग, हिला सायन्स घ्यायला लावू की कॉमर्स? ती कॉमर्स म्हणतेय. मला वाटतं सायन्स घेतलं तर पुढे सगळं करता येतं. कॉमर्स घेतलं की मागे फिरता येत नाही."

मी म्हटलं, "काका, मी इतिहास करते, करिअर काउन्सेलिंग नाही." पण फोन ठेवल्यावर जाणवलं की काकांचं हे शेवटचं वाक्य मी गेली दोन वर्षं जुन्या अहवालांमध्ये वाचते आहे. शब्द वेगळे, हिशेब तोच. मुलाने कोणते विषय घ्यावेत हा प्रश्न आपल्याकडे निदान एकशे चाळीस वर्षांचा आहे, आणि पालकांना 'समजावून सांगण्याचा' सरकारी प्रयत्नही जवळजवळ तितकाच जुना. या लेखात तोच इतिहास थोडक्यात सांगते. शेवटी काकांना काय उत्तर दिलं तेही सांगेन.

दोन वाटा, त्यातली एक ओस

१८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय शिक्षण आयोग नेमला गेला. माध्यमिक शिक्षणाबद्दल या आयोगाने एक महत्त्वाची शिफारस केली. हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन वाटा असाव्यात: एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे, म्हणजे मॅट्रिककडे जाणारी, आणि दुसरी व्यापार किंवा इतर व्यवहारी कामांसाठी तयार करणारी. पुढे यांनाच 'ए कोर्स' आणि 'बी कोर्स' म्हटलं जाऊ लागलं.

कागदावर कल्पना चांगली होती. प्रत्यक्षात बी कोर्स ओस पडला. विसावं शतक उजाडलं तरी मॅट्रिकला बसणाऱ्यांच्या तुलनेत या पर्यायी वाटेने जाणारे मूठभरच होते. मग सरकारी लिखाणात एक सूर लागला, जो आजही कानावर पडतो: लोकांना फक्त कारकुनी हवी, हाताने काम करायला नको, पालकांना मॅट्रिकचं वेड लागलंय.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे थांबायला हवं. एका पिढीतले बहुतेक लोक 'चुकीचा' निर्णय घेताना दिसले, तर त्यांना वेडं ठरवण्याआधी विचारा की त्यांना काय माहीत होतं? त्या काळच्या बापाला हे माहीत होतं की मॅट्रिक झालेल्याला कॉलेज उघडं आहे, वकिली उघडी आहे, सरकारी नोकरीत त्या दाखल्याला किंमत आहे. बी कोर्सच्या दाखल्याला कुठे काय किंमत आहे, हे सांगणारं कोणी नव्हतं. आणि एकदा त्या वाटेला लागलं की विद्यापीठाचं दार बंद. म्हणजे हातकामाचा तिटकारा हे एकच कारण मानलं तर आपण अहवाल लिहिणाऱ्याचं मत पुराव्यासारखं वापरतो. पालक दारं मोजत होते, ही शक्यता तपासायची राहून जाते.

याच हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिलं होतं. त्यांनीही व्यवहारोपयोगी शिक्षणच मागितलं: मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती. पण फरक बघा. फुले हे प्राथमिक शाळेत सगळ्यांसाठी मागत होते. काही मुलांना वेगळ्या वाटेला लावण्यासाठी ते उपयुक्त शिक्षण मागत नव्हते. 'व्यवहारी शिक्षण' हा एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी येतो. साधनं वाचताना असे शब्द अधोरेखित करत जा.

जिथे निवडच नव्हती

आता दुसरी बाजू. मुलींच्या बाबतीत दारं मोजायचीही सोय नव्हती.

पुण्यात १८८४ साली मुलींचं हायस्कूल सुरू झालं, ज्याला आपण हुजूरपागा म्हणतो. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखी मंडळी त्यामागे होती. तिथे मुलींना मुलांसारखंच इंग्रजी आणि इतर विषय शिकवावेत का, यावर पुण्यात कडाक्याचा वाद झाला आणि टिळकांच्या वृत्तपत्रांनी त्या अभ्यासक्रमावर जोरदार टीका केली. पुढे १९१६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढलं. मातृभाषेतून शिक्षण, आणि आरोग्य व गृहव्यवस्था यांना अभ्यासक्रमात मानाचं स्थान. कर्व्यांची भूमिका समजून घेण्यासारखी आहे. लवकर लग्न होणाऱ्या मुलींना त्यांच्या परिस्थितीत झेपेल असं शिक्षण निदान मिळावं, हा त्यांचा विचार होता. पण किंमतही होती. या विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती १९५१ मध्ये. तोपर्यंतच्या पदव्यांना बाहेर कुठली दारं उघडत होती, हा वेगळ्या प्रबंधाचा विषय आहे.

माझी आजी साठच्या दशकात जुनी अकरावी एसएससी झाली. तिच्या सांगण्याप्रमाणे तिच्या शाळेत मुलांना बीजगणित-भूमिती होतं आणि मुलींना अंकगणित व गृहशास्त्र. मी संशोधकाच्या थाटात विचारलं, "आजी, मग तू गणित का नाही निवडलंस?" ती म्हणाली, "आम्हाला कुणी विचारलंच नाही गं. वर्गच तसे होते."

या एका वाक्याने माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण बदललं. मी तोवर नियमपुस्तिका वाचून 'मुलींसाठी अमुक विषय ऐच्छिक होते' असं लिहीत होते. ऐच्छिक म्हणजे इच्छेने, असं मी गृहीत धरलं होतं. पण शाळेत तो विषय शिकवणारा शिक्षक नसेल, त्या तासाला मुलींना दुसऱ्या खोलीत बसवत असतील, तर पर्याय फक्त कागदावर उरतो. आता मी नियमपुस्तिकेच्या जोडीला शाळेचं वेळापत्रक शोधते, आणि शिक्षकांची यादीसुद्धा. तुमचा विषय कोणताही असो, 'परवानगी होती' आणि 'घडत होतं' या दोन गोष्टी वेगवेगळ्या कागदांवर सापडतात.

निवड पुढे ढकलली

स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बहुउद्देशीय शाळांची योजना मांडली. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललितकला, गृहविज्ञान असे सात गट. मुलाने हायस्कूलमध्येच कल ओळखून गट घ्यायचा. त्यासाठी शाळेत मार्गदर्शन करणारे शिक्षक असावेत, असंही आयोगाने सांगितलं. म्हणजे २०१६ पासून दहावीच्या मुलांची जी 'कलचाचणी' आपल्याकडे घेतली जाऊ लागली, तिच्यामागचा विचार त्या काळापासूनचा आहे. या शाळा मात्र फारशा रुजल्या नाहीत. त्या खर्चिक होत्या, शिक्षक मिळत नव्हते, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने आयुष्याचा गट ठरवायचा म्हणजे प्रत्यक्षात तो घरची परिस्थितीच ठरवणार.

साठच्या दशकात दोन महत्त्वाचे अहवाल आले. मुलामुलींचा अभ्यासक्रम वेगळा असावा का, हे तपासणाऱ्या समितीच्या अध्यक्ष हंसा मेहता होत्या. १९६४ च्या अहवालात समितीने असा भेद नको, असं म्हटलं. पाठोपाठ कोठारी आयोग (१९६४-६६) आला. पहिली दहा वर्षं सगळ्यांना समान शिक्षण, त्यात गणित आणि विज्ञान सर्वांना, आणि विषयांची निवड दहावीनंतर.

या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातले. आयोगाच्या वीसेक वर्षं आधी, १९४३ मध्ये, त्यांनी सय्यद नुरुल्ला यांच्यासोबत ब्रिटिशकालीन भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला होता. म्हणजे हंटर आयोगानंतर काय घडलं हे ज्याने अभ्यासलं होतं, तोच माणूस पुढच्या मोठ्या आयोगाच्या मध्यभागी बसला होता. 'इतिहास करून काय मिळणार?' असं तुम्हालाही नातेवाईक विचारत असतील, तर हे उदाहरण लक्षात ठेवा.

महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी १९७५ मध्ये झाली. त्या वर्षी जुनी अकरावी आणि नवी दहावी, दोन्ही तुकड्या एकदमच बाहेर पडल्या. गणित आता सगळ्या मुलींना आलं. माझ्या आजीच्या मुलीला, म्हणजे माझ्या आत्याला, 'विचारलं नाही' तरी गणित शिकायला मिळालं. कधी कधी सक्तीच दार उघडं ठेवते, हे पचायला जरा जड जातं. मलाही गेलं.

दारं मोजणं अजून चालूच

निवड अकरावीवर आली, पण हिशेब तोच राहिला. सायन्सवरून आर्ट्स-कॉमर्सला जाता येतं, उलट येता येत नाही. म्हणून सायन्सला गर्दी. याचा एक छान पुरावा आपल्या ज्युनिअर कॉलेजांतच आहे. व्यवसाय शिक्षणाचे दोन प्रकार आपल्याकडे आले. एमसीव्हीसी हा स्वतंत्र व्यवसाय अभ्यासक्रम बहुतेकांची पहिली पसंती कधी झाला नाही. पण सायन्सबरोबर घ्यायच्या बायफोकल विषयांना, कॉम्प्युटर सायन्सला किंवा इलेक्ट्रॉनिक्सला, चांगली मागणी असते. दोन्हीकडे व्यवसाय शिक्षणच. फरक इतकाच की बायफोकलमध्ये फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हातात राहतात आणि इंजिनिअरिंगचं दार उघडं राहतं. 'आपल्या लोकांना हातकाम नको' हे स्पष्टीकरण इथे लंगडं पडतं. दार मोजण्याचं स्पष्टीकरण दोन्ही उदाहरणांना लागू होतं. एकच गोष्ट दोन उदाहरणांत तपासून बघणं, याला आपण तुलनात्मक पद्धत म्हणतो. ती अशी साधी असते.

म्हणजे काका बरोबर का? हिशेबापुरते, हो. पण माझ्या सगळ्या साधनांमध्ये एक मोठी रिकामी जागा आहे. आयोग बोलतात, मुख्याध्यापक बोलतात, पालकांबद्दल पानंच्या पानं आहेत. ज्याने विषय शिकायचे त्या पंधरा वर्षांच्या मुलाला काय हवं होतं, हे जवळजवळ कुठेच नाही. पालक दारं मोजतात, पण त्यातल्या कुठल्या दारातून मुलाला आत जायचं आहे ते विचारायचं राहतं. आणि सगळी दारं उघडी ठेवण्यासाठी दोन वर्षं नुसतं वऱ्हांड्यात उभं राहण्याचीही किंमत असते.

मी काकांना परत फोन केला आणि म्हटलं, "तिच्याकडे द्या." तिला विचारलं, कॉमर्सच का? ती म्हणाली, "ताई, मला इकॉनॉमिक्स करायचंय. बजेटच्या बातम्या वाचायला मला आवडतात. पण मॅथ्स सोडून एसपी घेतलं तर मार्क जास्त पडतात म्हणे."

मग काकांना म्हटलं, तुमचा खरा प्रश्न सायन्स की कॉमर्स हा नाहीच. तो मॅथ्स की एसपी हा आहे. इकॉनॉमिक्समध्ये पुढे जायचं तर गणित लागतं. कॉमर्समध्ये गणित ठेवलं तर तिला हवं ते दार उघडं राहतं. फक्त एक करा, ज्या कॉलेजात घेणार तिथे कॉमर्सच्या मुलांना मॅथ्स खरंच शिकवतात का, वेळापत्रक बघून या. प्रॉस्पेक्टसवर जाऊ नका.

काका दुसऱ्या दिवशी जाऊन वेळापत्रकाचा फोटो काढून आले. मी तो आजीला दाखवला. तिने चष्मा लावून 'मॅथ्स'चे तास बोटाने मोजले, आणि म्हणाली, "मुली पण याच वर्गात बसतात ना?"