साखळ्यांचा खो-खो

आमच्या सोलापुरात सात रस्ता नावाचा चौक आहे. नावाप्रमाणेच सात वाटा तिथे एकत्र येतात. संध्याकाळी सिग्नल बंद पडला, की रिक्षा, सायकली, दुचाक्या एकमेकींत अशा घुसतात की विचारू नका. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना मी या चौकाचा दाखला हमखास देत असे. मुक्त मूलक, म्हणजेच रॅडिकल, हा असाच प्राणी. जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन घेऊन धावतो आणि समोर येईल त्याला धडकतो. ‘याला आवर घालणे अशक्य,’ असे मी मुलांना ठामपणे सांगायचो. माझे ते विधान चुकीचे ठरले. त्याचीच ही हकीकत.

छोटे रेणू एकामागून एक जोडले गेले, की लांब साखळी होते. तिलाच आपण पॉलिमर म्हणतो. जर्मनीच्या हरमान श्टाउडिंगर यांनी १९२० साली ही कल्पना मांडली, तेव्हा अनेक रसायनशास्त्रज्ञांनी ती मानली नाही. पुढे १९५३ साली त्यांना नोबेल मिळाले. आज थर्मोकोल, अ‍ॅक्रिलिकचा पारदर्शक पत्रा, सुताराचा पांढरा गोंद या साऱ्यांतल्या साखळ्या मूलकांच्या मदतीने वाढवतात. पद्धत स्वस्त, पाण्यातही चालणारी, पण आंधळी. एक साखळी सुरू होते, सेकंदाच्या आसपास शेकडो-हजारो दुवे जोडते आणि दुसरे मूलक भेटले की तिथेच संपते. मग दुसरी सुरू होते. शेवटी हाती येतो लांब-आखूड साखळ्यांचा गोळा. सोलापुरी चादर विणणाऱ्याला कुठे जाड, कुठे बारीक सूत दिले तर तो काय म्हणेल?

एम.एस्सी.ला असताना मी स्वतः याचा प्रसाद घेतला आहे. मिथाइल मेथॅक्रिलेट तापवत ठेवले आणि चहाला गेलो. परत येतो तो काय, मिश्रण घट्ट होऊन भडकले होते आणि चंबूत काचेसारखा दगड बसला होता. द्रव दाट झाला की साखळ्यांची टोके एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत, मरण थांबते आणि वाढ सुसाट सुटते. चंबू फोडावा लागला, बोलणी बसली ती वेगळीच.

सारख्या लांबीच्या साखळ्या बनवण्याची एक वाट मायकेल श्वार्क यांनी १९५६ साली अमेरिकेत दाखवली होती. त्यांच्या साखळ्या ऋणभारित होत्या आणि आपणहून मरत नव्हत्या. म्हणून त्यांना ‘जिवंत’ म्हटले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या वाटेवर मोलाचे काम झाले. बास्करन आणि शिवराम यांनी १९९७ साली दाखवले, की लिथियम परक्लोरेट हा क्षार घातला तर मिथाइल मेथॅक्रिलेटच्या अशा साखळ्या ताब्यात राहतात. पण या वाटेवर पाण्याचा थेंब किंवा हवेची झुळूकही चालत नाही. कारखान्याला ते परवडणार कसे?

मग मूलकांनाच शिस्त का लावू नये? जपानमध्ये ओत्सू यांनी १९८२ साली तसा प्रयत्न केला. त्याच दशकात ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेत सॉलोमन, रिझार्डो आणि सहकाऱ्यांनी नायट्रॉक्साइड नावाच्या रेणूंनी वाढती साखळी पकडून ठेवली. तापवले की सोडली. १९९५ साली जपानचे सावामोतो आणि अमेरिकेत काम करणारे मात्यायझेव्स्की यांनी, स्वतंत्रपणे, हेच काम धातूंकडून करून घेतले. मात्यायझेव्स्कींचा धातू तर आपल्या घरातला, तांबे. तो क्लोरीन किंवा ब्रोमीनचा अणू काढून साखळी जागी करतो, परत देऊन झोपवतो.

१९९८ साली सीएसआयआरओतूनच ‘राफ्ट’ पद्धत आली. रिझार्डो, मोड आणि व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेले सान थांग ही त्यातली मुख्य नावे. ही पद्धत आपल्याला समजायला अगदी सोपी, कारण तो खो-खो आहे! पाठलाग करणाऱ्या संघातला एकच धावतो, बाकीचे बसलेले. ‘खो’ मिळाला की बसलेला उठतो, देणारा बसतो. इथे ‘खो’ पोहोचवतो गंधकाचा एक रेणू. धावणारे थोडे, म्हणून मरणारे थोडे. पाळी मात्र सगळ्यांची येते, म्हणून साखळ्या जवळजवळ सारख्या वाढतात. शिवाय झोपलेल्या साखळीला नंतर उठवून वेगळ्या रेणूचा तुकडाही जोडता येतो.

हे सारे मला कळले १९९९ साली. पुण्याला संशोधन करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याचे पत्र आले. त्याने लिहिले होते, ‘सर, तुम्ही शिकवलेले ते वाक्य आता बदलायला हवे.’ दुसऱ्याच दिवशी वर्गात मी ते खोडले.

उत्साहाच्या भरात एक सांगायचे राहू नये. तांबे शेवटी काढून टाकावे लागते, गंधकाचे संयुग रंग आणि वास मागे ठेवते आणि काही साखळ्या अजूनही मरतातच. म्हणूनच आयुपॅक या रसायनशास्त्राच्या जागतिक संघटनेने २०१० साली ‘जिवंत’ हा शब्द टाळून ‘उलट फिरवता येणाऱ्या निष्क्रियतेचे बहुलकीकरण’ अशा अर्थाचे लांबलचक नाव सुचवले. त्याच संघटनेने २०१९ साली रसायनशास्त्रातल्या दहा उदयोन्मुख तंत्रांत या पद्धतीची गणना केली.

आजही सात रस्त्यावर सिग्नलला थांबलो, की हे आठवते. धावणाऱ्याला कुणी धरून ठेवत नाही. बहुतेकांना थोडा वेळ थांबवले जाते, एवढेच. एवढी साधी गोष्ट मला वर्गात सुचली नव्हती.