गोल्फचे मैदान आणि गावाचे गायरान

वैनगंगेच्या खोऱ्यातील वारासिवनीसारख्या भातपिकाच्या मुलखात ‘निस्तार’ हा शब्द शेतकऱ्याच्या घरी लहानथोरांना परिचित असतो. गुरे चारणे, सरपण आणणे, खळे घालणे, मृतांचा अंत्यविधी करणे, यांसाठी गावच्या जमिनीवर साऱ्या गावाचा जो हक्क, तो निस्तार. नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या जुन्या मध्य प्रदेशात १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली. पुढे नव्या राज्याच्या १९५९ च्या जमीन महसूल संहितेने गावोगाव निस्तारपत्रक तयार करण्याची तरतूद केली. याच शब्दाचा आधार घेऊन गोल्फसारख्या परक्या व श्रीमंती समजल्या जाणाऱ्या खेळाचा इतिहास पाहिला, तर एक नवलाची गोष्ट ध्यानात येते. या खेळाची जन्मभूमी हीसुद्धा एक गायरानच होती.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि नांगरटीची जमीन यांच्यामध्ये वालुकामय टेकाडांचा एक पट्टा आढळतो. त्याला तेथे ‘लिंक्स’ म्हणतात. ही जमीन पिकाच्या कामाची नव्हे. म्हणून ती गावाच्या गुरामेंढरांना आणि खेळणाऱ्या पोरांना मोकळी राहिली. लोक तेथे गोल्फ इतक्या आवडीने खेळत, की धनुर्विद्येचा सराव मागे पडतो म्हणून १४५७ साली तेथील पार्लमेंटने या खेळावर बंदी घातली. अर्थात बंदीने खेळ थांबला नाही.

अशा पट्ट्यांपैकी सेंट अँड्र्यूज या नगराचा पट्टा सर्वांत विख्यात. १५५२ साली तेथील आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना लिंक्सवर ससे पाळण्याची अनुज्ञा नगराकडून हवी होती. त्या प्रसंगी जो लेख झाला, त्यात गुरे चारण्याचा आणि गोल्फ खेळण्याचा नागरिकांचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य करण्यात आला. निस्तारपत्रकच म्हणा ना!

या हक्काची कसोटी अडीच शतकांनंतर लागली. कर्जबाजारी झालेल्या नगराने १७९७ साली ही जमीन विकली. लवकरच ती सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी मैदान पोखरले, खेळणारे संतापले आणि वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालले. १८२१ साली शेजारच्या एका जमीनदाराने, जेम्स चीप यांनी, जमीन विकत घेऊन खेळ वाचविला. अखेरीस १८९४ च्या पार्लमेंटच्या कायद्याने ती पुन्हा नगराच्या मालकीची झाली. १९७४ पासून एक विश्वस्त मंडळ तिची व्यवस्था पाहते.

हे मैदान खेळण्यास अवघड का, याचेही उत्तर याच इतिहासात आहे. ते कोणी आखून बांधलेले नाही. वारा, वाळू आणि चरणारी जनावरे यांनीच त्याला प्रथम आकार दिला. वाऱ्यापासून बचाव करण्यासाठी मेंढरे जेथे दडून बसत, तेथे वाळूचे खड्डे पडले व त्यांचेच ‘बंकर’ झाले, असे सांगतात. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर असे शंभरावर बंकर असून त्यांपैकी एकाचे नावच ‘नरक’ आहे. उंच मारलेला चेंडू समुद्रावरचा वारा कोठल्या कोठे नेतो. म्हणून जाणता खेळाडू तो जमिनीलगत मारतो. तरीही टणक, उंचसखल भूमीवर नेमका मारलेला चेंडू घरंगळत खड्ड्यात जातो आणि चुकलेला फटका कधी तरून जातो. खेळाडूने हे निमूटपणे सोसावयाचे असते. पूर्वी येथे बावीस टप्पे होते. १७६४ साली ते अठरा केले गेले आणि तोच आकडा पुढे जगभर रूढ झाला. आज देशोदेशींच्या विश्रामस्थळांतून यंत्रांनी माती उपसून अशा टेकाडांची व खड्ड्यांची नक्कल केली जाते. भूमीचा आकार असा उतरविता येतो. तिच्यावरचा हक्क मात्र त्याबरोबर येत नाही.

भारतात गोल्फ आला तो इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. येथे खेळ आला, पण गायरान आले नाही. मैदानाभोवती क्लबाचे कुंपण पडले. कुंपणाच्या आत सामान्य माणूस शिरला तो बहुधा खेळाडूची पिशवी वाहण्यासाठी किंवा हिरवळ राखण्यासाठी. तरीही गुण लपून राहिला नाही. पिशव्या वाहणाऱ्यांतून पुढे आलेले अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले. कलकत्त्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्याचे पुत्र एस. एस. पी. चौरसिया यांनी तीच स्पर्धा २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोनदा जिंकली.

सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर आजही एरवी रविवारी खेळ बंद असतो आणि गावकरी मुलाबाळांसह तेथे फिरावयास येतात. जगातील मातब्बर खेळाडू जेथे पाऊल ठेवण्यासाठी चिठ्ठीच्या सोडतीची वाट पाहतात, तेथे त्या दिवशी गावची कुत्री बागडतात. हे सुख गावाला कोणाच्या औदार्याने लाभलेले नाही. हक्क लेखी होता, आणि तो बुडू लागला तेव्हा त्यासाठी भांडणारी माणसे होती. गायरानाचा एकेक तुकडा अतिक्रमणाखाली जाताना पाहणाऱ्या आपल्याकडील गावांनीही तलाठ्याच्या दप्तरातील निस्तारपत्रक एकदा उघडून वाचावे, इतका बोध या दूरच्या मैदानापासून घेण्याजोगा आहे.