शेतकरी रस्त्यावर, रस्ता शेतात

कोल्हापूरच्या महालक्ष्मीला जाणारे आपण अनेक गोवेकर चोर्ला घाटाने बेळगावला येतो आणि तिथून पुणे-बंगळूर महामार्ग धरतो. निपाणी मागे पडली की कोगनोळीचा टोलनाका लागतो. पैसे मोजले की गाडी पुढे. पण या रस्त्याची एक किंमत फार पूर्वीच मोजली गेली आहे.

निपाणी ही तंबाखूची जुनी पेठ. शेतकरी राबायचा आणि भाव ठरवायचा व्यापारी. मालाचे पैसे हाती कधी पडतील याचीही खात्री नसे. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनाने शरद जोशींची शेतकरी संघटना नुकतीच पुढे आली होती. १४ मार्च १९८१ रोजी निपाणीचे हजारो तंबाखू उत्पादक महामार्गावर येऊन बसले. रस्त्यावरच संसार मांडला गेला. त्या वस्तीला नाव पडले आंदोलननगर. तीन आठवड्यांहून अधिक काळ ही माणसे तिथे होती. ६ एप्रिलला पोलीस आले, गोळीबार झाला आणि १२ शेतकरी मारले गेले.

निपाणी म्हटले की आपल्याला १९५६ पासूनचा सीमाप्रश्नच आठवतो. तो खराच आहे. पण हे बारा जण भाषेसाठी नव्हे, घामाच्या दामासाठी गेले, म्हणूनच बहुधा सीमेच्या दोन्ही बाजूंनी त्यांना पुरेसे आपले मानले नाही.

पुढे सुवर्ण चतुष्कोन योजनेत हा रस्ता चौपदरी झाला, टोलनाके आले. आता बेळगावजवळ हलगा ते मच्छे बायपासचा वाद आहे. महामार्गावरून खानापूरमार्गे गोव्याकडे जाणारी वाहने शहराबाहेरून जावीत, हा त्याचा हेतू. म्हणजे सोय आपलीच. पण तो जातो पिकाऊ जमिनीतून. शेतकरी कोर्टात गेले. २०२१ मध्ये पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकात यंत्रे शिरली.

१९८१ साली सरकारने ऐकावे म्हणून शेतकऱ्याला रस्त्यावर यावे लागले. चाळीस वर्षांनी रस्ताच त्याच्या शेतात आला. सरकारी नोकरीत असल्यामुळे भूसंपादनाचे कागद मला अपरिचित नाहीत. त्यात सर्व्हे नंबर असतो, क्षेत्र असते, मोबदल्याची रक्कम असते. त्या जमिनीवर किती पिढ्या जगल्या, याचा रकाना नसतो.

रस्ते हवेतच. पण आपला वाचलेला अर्धा तास कोणाच्या शेतातून आला, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे.