रॉक, पखवाज आणि आवडीचे वय

विशीत रॉक, चाळिशीत जुनी हिंदी गाणी, पन्नाशीत नाट्यगीते आणि साठीनंतर अभंग अशी अभिरुचीची एक आश्रमव्यवस्थाच आपल्या मध्यमवर्गाने मनोमन मान्य करून टाकली आहे. केस वाढवून गिटार बडवणारा मुलगा पुढे पंचेचाळिशीत ‘संतवाणी’च्या कार्यक्रमाचे पास शोधू लागला की घरातली वडीलधारी मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात : आला एकदाचा ताळ्यावर! वय वाढते तशी आवड पिकते, उथळपणा सरतो आणि माणूस आपल्या मुळांकडे परततो, हे त्यामागचे गृहीतक.

दुसरे गृहीतक याच्या नेमके उलट आहे आणि ते बाजारातून आले आहे. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. श्रोत्यांना सर्वाधिक आवडणारी गाणी कोणती, तर ते सुमारे साडेतेवीस वर्षांचे असताना लोकप्रिय असलेली, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे आवड पिकत नाही, ती तेविशी-चोविशीत गोठते. त्यानंतर माणूस ऐकतो ते स्वतःच्याच तारुण्याचे प्रतिध्वनी. जुन्या गाण्यांच्या वाहिन्या चालवणाऱ्यांना आणि त्यांवर जाहिराती देणाऱ्यांना हा निष्कर्ष सोयीचा वाटला तर नवल नाही.

पिकणे आणि गोठणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सर्वस्वी खऱ्या असू शकत नाहीत. म्हणून मराठी संगीताच्या गेल्या सत्तर वर्षांच्या इतिहासाकडे या निमित्ताने पाहावेसे वाटते. त्यातली पहिलीच नोंद दोन्ही गृहीतकांना अडचणीत आणणारी आहे.

१ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. त्या दिवशी सुधीर फडके पस्तीस वर्षांचे होते आणि ग. दि. माडगूळकरही तेवढेच. आज ज्या गीतांना आपण आजी-आजोबांच्या पिढीची ठेव मानतो, ती छप्पन्न गीते ऐन पस्तिशीतल्या दोन चित्रपट-व्यावसायिकांनी आठवड्याला एक या वेगाने रचली होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५७ साली, ‘आशा’ हा चित्रपट आला. त्यातल्या ‘ईना मीना डीका’ने रॉक अँड रोलची चाल हिंदी चित्रपटात घरोघरी नेली. तिचे संगीतकार सी. रामचंद्र तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते, म्हणजे फडक्यांहून दीड वर्षाने मोठे. भक्तिगीत धाकट्याचे आणि रॉक थोरल्याचे!

रामचंद्र चितळकरांचा जन्म पुणतांब्याचा. गोदाकाठचे हे गाव आमच्या पैठणच्या वरच्या अंगाला आहे. चांगदेवांची समाधी तिथलीच. चौदाशे वर्षांचे चांगदेव चिमुकल्या मुक्ताबाईसमोर कोरे ठरले ही आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. वयाने जाण येते असे मानणाऱ्यांनी पुणतांब्याला एकदा जाऊन यावे, एवढेच सुचवतो. असो.

चितळकरांचे शिक्षण रागसंगीताचे होते. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे ते शिकले. ‘अलबेला’ (१९५१) मधली ट्रम्पेट-बोंगोंची धमाल आणि ‘अनारकली’ (१९५३) मधल्या आर्त चाली या दोन्ही त्यांच्याच. मधले अंतर दोन वर्षांचे. ‘अलबेला’च्या वाद्यमेळात चिक चॉकलेट या टोपणनावाने प्रसिद्ध असलेले गोव्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ होते. मुंबईच्या हॉटेलांतला जॅझ चित्रपटसंगीतात आला तो अशा गोमंतकीय वादकांच्या हातून. रॉक अँड रोल आले तेव्हा वाट आधीच मळलेली होती. ‘आशा’तले ते गाणे दोनदा येते, एकदा किशोरकुमारांच्या आणि एकदा आशा भोसले यांच्या आवाजात. दोघेही तेव्हा तिशीच्या आत होते. गाणारे तरुण आणि घडवणारा प्रौढ, ही रॉकच्या बाबतीत जगभर आढळणारी गोष्ट. बिल हेलीचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ १९५५ साली गाजले तेव्हा तो स्वतः तिशीला टेकला होता आणि त्याचे श्रोते शाळेत होते.

पुढे १९६७ साली सी. रामचंद्रांनी माडगूळकरांच्या ‘गीतगोपाल’ला चाली दिल्या आणि ती गीते स्वतः गायिली. आश्रमव्यवस्थावादी म्हणतील, पाहा, पन्नाशी आली आणि कृष्ण आठवला. मला हे पटत नाही. साठच्या दशकात चित्रपटातले त्यांचे काम ओसरत गेले होते आणि ‘गीतरामायणा’च्या यशाने मराठी रंगमंचावर आख्यानगीतांना हक्काचा श्रोता तयार करून ठेवला होता. कलावंत वयामुळे वळला असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या पायाखालची बाजारपेठ वळलेली असते.

श्रोत्यांचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना आवर घातला. केसकर स्वतः संगीताचे जाणकार, आणि जनतेची आवड सुधारता येते यावर त्यांची श्रद्धा. जनतेने रेडिओची सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती. शेवटी १९५७ मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. आमच्या मराठवाड्यात निजामी काळातले रेडिओ केंद्र १९५० साली आकाशवाणीकडे आले. कान उर्दू गझलेला आणि कव्वालीला सरावलेले होते आणि तेही सिलोनकडे वळले. त्या पिढीच्या लेखी ‘अलबेला’ची गाणी ही बंडखोरी होती. आज तीच गाणी ‘सुवर्णकाळ’ या सदरात वाजतात आणि निवेदक आवाज खाली आणून त्यांची ओळख करून देतो. म्हणजे श्रोत्याबरोबर गाणेही म्हातारे होते, आणि म्हातारपणाने त्याला अशी प्रतिष्ठा लाभते जी तारुण्यात त्याच्या वाट्याला आलेली नसते. पंचाहत्तरीचा माणूस ‘अलबेला’ ऐकतो तेव्हा त्याची आवड भारदस्त झाली असे आपल्याला वाटते. वस्तुतः त्याची आवड होती तिथेच आहे, भोवतालच्यांचा अभिप्राय तेवढा बदलला आहे.

शुद्ध रॉकचा महाराष्ट्रातला इतिहास मुख्यतः मुंबईचा आहे. १९७० आणि १९७१ च्या ‘सिमला बीट’ स्पर्धा, १९८६ पासूनचा ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सव, त्याच दशकातला ‘रॉक मशीन’ हा वाद्यवृंद आणि १९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांवरून आलेले एमटीव्ही, एवढे टप्पे सांगितले तरी पुरे. (फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला आणि १९५८ साली तिथे मुलांचा वाद्यवृंद काढून पियानो वाजवू लागला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण मराठी संगीताला तिचा काडीचाही उपयोग झाला नाही.) मराठवाड्यात रॉक पोचले ते उशिरा आणि कॅसेटवरून, वसतिगृहाच्या एखाद्या खोलीपुरते.

त्याचे कारण केवळ मागासलेपण नव्हे. रॉकने पाश्चात्त्य तरुणांच्या जीवनात जी जागा व्यापली, ती आमच्याकडे रिकामीच नव्हती. प्रस्थापिताला उघड आव्हान देणारे, समूहाने म्हणायचे, वडीलधाऱ्यांना अस्वस्थ करणारे गाणे आमच्याकडे आंबेडकरी जलशाच्या परंपरेतून आधीच आले होते. १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू झाले आणि नागसेनवन हे या गाण्याचे एक ठाणे बनले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव गात फिरले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. त्यानंतर जे घडले, घरे जळली, माणसे मारली गेली, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत जी सोळा वर्षे गेली, त्या काळात विशीत असलेल्यांचे तारुण्य कोणत्या गाण्यांवर पोसले गेले हे वेगळे सांगायला नको.

आता या श्रोत्यांना होलब्रुक-शिंडलर यांची मोजपट्टी लावून पाहावी. ते आज साठीच्या घरात आहेत आणि तीच गाणी ऐकतात, हे खरे. निष्कर्ष बरोबर, कारण मात्र चुकले. आठवणींच्या ओढीने जुने गाणे ऐकणे निराळे आणि गाण्यातला प्रश्न अजून सुटलेला नाही म्हणून ते ऐकणे निराळे. पहिल्या प्रकारात गाणे श्रोत्याबरोबर संपते. दुसऱ्या प्रकारात ते पुढच्या पिढीकडे जाते. या शहरात राहणाऱ्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीते गातात. त्यांना मोठा श्रोतृवर्ग मिळाला तो अलीकडे, मोबाइलच्या पडद्यावर, आणि त्यात विशीतली मुलेही आहेत. रॉकच्या इतिहासकारांना पिढ्यांमधली दरी हा विषय जवळचा वाटतो. भीमगीतांच्या इतिहासात ती दरी फारशी सापडत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी या विषयातले सर्वात महत्त्वाचे उदाहरण अर्थातच अरुण कोलटकरांचे आहे. वर्गात आपण त्यांची कविता शिकवतो आणि त्यांचे कान मात्र बाहेरच ठेवतो. सत्तरच्या दशकाच्या आरंभी, चाळिशीच्या आसपास असताना, कोलटकर इंग्रजीत गाणी लिहीत होते, त्यांना चाली लावत होते. त्यांतली काही त्यांनी ध्वनिमुद्रित केली आणि परदेशी कंपन्यांपर्यंत ती पोचवण्याचा प्रयत्नही झाला. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. त्यांचे शब्द अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’ या मरणोत्तर संग्रहात २००९ साली छापले गेले. म्हणजे पुस्तकरूपाने ‘जेजुरी’ (१९७६) येण्याच्या थोडेच आधी त्यांना रॉक-गायक होण्यात रस होता. हे कळले की आमचे विद्यार्थी हसतात. पण जाहिरात क्षेत्रात नावाजलेला कलादिग्दर्शक चाळिशीत अमेरिकी लोकप्रिय गाण्याच्या दारात उमेदवार म्हणून उभा राहतो, हा थट्टेचा विषय खचितच नाही.

त्यानंतर, मध्यमवयातच, ते अर्जुन शेजवळ यांच्याकडे पखवाज शिकले. बळवंतबुवा नावाच्या एका वृद्ध भजनगायकाच्या सहवासात त्यांनी वर्षानुवर्षे घालवली आणि त्यांच्या आठवणींवर एक मोठे गद्य लेखन हाती घेतले. गिटारकडून पखवाजाकडे, डिलनकडून बुवांकडे : चरित्रकाराला मोहात पाडील अशी ही रेषा आहे. आश्रमव्यवस्थेत ती चपखल बसते.

परंतु कोलटकरांनी स्वतः दिलेली एक यादी या रेषेच्या आड येते. आवडत्या लेखकांविषयी विचारले असता त्यांनी एकदा नावांची लांबलचक माळ सांगितली. तीत ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, एकनाथ, चक्रधर आहेत, रामजोशी, होनाजी आणि पठ्ठे बापूराव आहेत, जॉन लेनन आणि बॉब डिलन आहेत, रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, हाउलिंग वुल्फ आहेत, ‘हाउंड डॉग’ लिहिणारी लीबर-स्टोलर ही जोडी आहे आणि बळवंतबुवाही आहेत. आपेगाव, नर्सी, गंगाखेड, पैठण या आमच्या मराठवाड्याच्या गावांशेजारी मिसिसिपीची गावे येऊन बसली आहेत. यादीत आधी आणि नंतर नाही. त्यांच्या लेखी बुवा हे डिलनच्या जागी आलेले नव्हते, शेजारी येऊन बसलेले होते.

या शेजाराचे कारण साहित्याच्या विद्यार्थ्याला ओळखीचे वाटावे. रॉकच्या मुळाशी ब्ल्यूज आहे आणि ब्ल्यूज हे मुळात तरुणांचे गाणे नव्हे. रोलिंग स्टोन्सने आपले नाव मडी वॉटर्सच्या १९५० सालच्या गाण्यावरून घेतले. विशीतल्या इंग्रज पोरांनी आपल्या बापाच्या वयाच्या कृष्णवर्णीय मजुरांचे गाणे उचलले आणि त्याला तारुण्याचे संगीत म्हणून जगाला विकले. त्या गाण्याची घडण अशी : प्रथमपुरुषी बोलणे, रोजच्या बोलीतले शब्द, पुन्हा पुन्हा येणारी ओळ, अंगमेहनतीची लय, देवाशी किंवा सैतानाशी सलगीची भाषा, आणि क्वचित गाणाऱ्याने गाण्यातच आपले नाव घेणे. जनाबाईच्या अभंगाचे वर्णन याहून फारसे वेगळे करता येणार नाही. कोलटकरांनी संतांची भाषांतरे केली ती ग्रांथिक इंग्रजीत नाही, अमेरिकी बोलीच्या लहेजात केली, ती यामुळेच. रॉकवरून ते मागे ब्ल्यूजकडे गेले आणि नवकवितेवरून मागे अभंगाकडे. दोन्हीकडे खणत खाली गेले आणि खाली पाणी एकच लागले, असे मला वाटते.

आणि पखवाज ऐकण्याची गोष्ट नाही, शिकण्याची आहे. डाव्या तोंडाला कणीक लावायची, ती ओली-सुकी किती हे बोटांनी ठरवायचे, मग एकेक बोल हातावर चढवायचा. प्रौढ माणसाने असे नवशिके होणे हे होलब्रुक-शिंडलर यांच्या हिशेबात बसत नाही, कारण त्यांनी विचारले होते काय आवडते एवढेच. काय शिकावेसे वाटते, हे विचारले नव्हते.

आशा भोसले यांचे उदाहरण थोडक्यात सांगून थांबतो. १९९१ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी बॉय जॉर्जच्या गाण्यात आवाज दिला. १९९७ साली कॉर्नरशॉप या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाने थेट त्यांच्याच नावाचे गाणे केले. २००५ साली क्रोनोस क्वार्टेटबरोबर त्यांनी राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांचा संग्रह ध्वनिमुद्रित केला तेव्हा वय सत्तरीपार गेले होते. त्याच वर्षी कोलटकरांच्या ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला. तो घ्यायला ते नव्हते. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात ते गेले, आणि बळवंतबुवांचे पुस्तक अपुरेच राहिले होते.